घोड्याजवळ जाताय? आधी कान बघा, मग पाय

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढे आपली गाडी जात नाही, हे सगळ्यांना माहितीये. आता थोड्या ई-रिक्षा सुरू झाल्यात, मिनी ट्रेन आहे, पण नाक्यावर उतरलं की पहिले अंगावर येतात ते घोडेवाले. आणि आपलं पब्लिक कसं असतं, घोडा आधी बघितलेला एकतर वरातीत नाहीतर रीलमध्ये, इथे पाच मिनिटं भावावरून घासाघीस, मग एक पाय रिकिबीत (खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी), मागून कोणीतरी ढकललं, बसलो वर, चला पॅनोरमा पॉइंट. ज्या जनावरावर बसलोय ते तीन-चारशे किलोचं आहे, त्याला स्वतःचं डोकं आहे आणि ते डोकं चोवीस तास एकच विचार करतं की पळायचं कुठून, हे कोणाच्या गावीही नसतं.

मी घोडेस्वारी शिकलोय, ट्रेनर वगैरे नाही. पण सुट्टीत मित्रमंडळी फोन करून तेच तेच विचारतात, पोराला बसवू का, लाथ मारतो का, चावतो का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मुद्दा एकच आहे. घोडा रागीट नसतो, भित्रा असतो. जंगलात त्याला खाणारे होते, तो कोणाला खात नव्हता, त्यामुळे त्याचं पहिलं उत्तर पळणं, आणि पळायला जागा नसेल, बांधलेला असेल, भिंतीशी दाबला गेला असेल, तर मग लाथ नाहीतर चावा. आणि बहुतेक वेळा लाथ मारायच्या आधी तो सांगतो. तोंडाने नाही, कानाने, शेपटीने, पायाने सांगतो. आपण त्या वेळी सेल्फीचा अँगल बघत असतो.

आता त्याला दिसतं कसं ते आधी समजून घ्या, कारण अर्धे अपघात इथेच होतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशातलं दिसतं, म्हणजे तुम्ही त्याच्या पोटाशी उभे असलात तरी मान न वळवता तुम्ही त्याला दिसता. दिसत नाही ते दोन ठिकाणी. एक म्हणजे बरोबर मागे, शेपटीच्या सरळ रेषेत. दुसरं म्हणजे कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असं आपल्याकडे म्हणतात ते शंभर टक्के खरंय, फक्त घोड्याच्या बाबतीत नाकासमोरूनही जाऊ नये एवढं त्यात वाढवा. तुम्ही समोरून आलात आणि थेट कपाळावर हात ठेवलात तर तो हात त्याच्या दृष्टीने शेवटच्या क्षणी गायब होतो आणि एकदम अंगावर पडतो. मग तो डोकं झटकन वर करतो आणि तुमची हनुवटी फुटते. त्याचा यात काय दोष?

त्यामुळे जायचं ते तिरकं, त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, सावकाश, आणि बोलत. काय बोलताय याला महत्त्व नाही, 'काय राजा, कसा आहेस' म्हणा नाहीतर पाढे म्हणा, आवाज येत राहिला की माणूस कुठे आहे ते त्याला कळत राहतं. डावीकडूनच का, तर पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून चढायचं डावीकडून, ती पद्धत पडली ती पडली, आणि घोड्यांनाही त्याच बाजूची सवय असते. जवळ गेलात की हाताची पालथी बाजू त्याच्या नाकाजवळ, थोडी खाली धरा, हुंगू द्या. हुंगून त्याने तोंड फिरवलं तर आज त्याचा मूड नाही, सोडून द्या. हुंगून शांत राहिला तर खांद्यावर नाहीतर मानेवर हात ठेवा. थापट्या मारू नका, सिनेमात मारतात तशा. खाजवा. मानेची आयाळ जिथे संपते तिथे पाठीवर एक उंचवटा असतो, घोडे एकमेकांना दाताने तिथेच खाजवतात, तिथे बोटांनी जरा जोर लावून खाजवलं की काही घोडे वरचा ओठ लांब करून वेडावाकडा हलवायला लागतात. ते दृश्य एकदा तरी बघाच.

कानांचं बघू. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, एक पुढे एक मागे असंही चालतं. कान जिकडे, लक्ष तिकडे. सैल, थोडे बाजूला पडलेले कान, अर्धवट मिटलेले डोळे, खालचा ओठ लोंबतोय, मागचा एक पाय टोकावर टेकवून ठेवलाय, म्हणजे गडी डुलक्या घेतोय (उभ्या उभ्या झोपता येतं त्यांना). इथे लोक फसतात, वाटतं किती शांत आहे, आणि गुपचूप मागून जाऊन हात लावतात. झोपेतून दचकलेला घोडा आधी लाथ मारतो आणि मग बघतो कोण होतं. त्यामुळे शांत दिसणाऱ्याला तर आधी हाक मारायचीच.

दोन्ही कान टवकारून पुढे, मान ताठ वर, अंग कडक, एकाच दिशेला बघतोय, आणि नाकातून जोरात एकच फुत्कार, हे कुतूहल नाही, हे 'तिकडे काहीतरी आहे' चालू आहे. पुढच्या दोन सेकंदांत तो बुजेल नाहीतर उधळेल. सावकाश लांब लांब फुरफुरणं वेगळं, ते आरामाचं. हा फरक कानाला बसायला वेळ लागतो पण अंग बघितलं की कळतं, आरामात असलेला घोडा सगळीकडून सैल असतो.

आणि कान मागे, मानेला चिकटलेले, नाकपुडीजवळ सुरकुत्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, ही शेवटची नोटीस. मान सापासारखी पुढे लांब केली तर चावणार. मागचा पाय उचलून धरला, ढुंगण तुमच्याकडे वळवलं, तर लाथ. फक्त कान मागे वळलेत, चिकटलेले नाहीत, तर तो मागचा आवाज ऐकत असेल, लगेच घाबरू नका. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणार असाल तर तिथे मारवाडी घोडे भरपूर येतात, त्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, कधीकधी एकमेकांना टेकतात, पहिल्यांदा बघणाऱ्याचा गोंधळ होतो. पण त्यांचेही कान राग आला की मागेच जातात.

शेपटीचं म्हणाल तर माश्या हाकलणारी शेपटी एका लयीत, डावीकडे उजवीकडे, निवांत. चिडलेली शेपटी फटकन, वरखाली, चाबकासारखी. पावसाळ्यात माश्या इतक्या असतात की शेपटी थांबतच नाही, तेव्हा नुसत्या शेपटीवर जाऊ नका, कान आणि पाय सोबत बघा.

मागून जावंच लागलं तर? नाक्यावर, बाजारात, अरुंद रस्त्यावर लागतंच. दोनच पर्याय. एकतर चांगलं दहा-बारा फूट लांबून. नाहीतर अगदी चिकटून, बोलत बोलत, हात त्याच्या पाठीवरून पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, सरकवत, अंग घासत पलीकडे. चिकटून का, तर पाय पूर्ण मागे गेल्यावर त्यात जोर येतो, अगदी जवळ असलात तर ढकलल्यासारखं होतं, लागतं पण हाड मोडायची शक्यता कमी. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मधली, चार-सहा फुटांची, आणि नेमके तिथेच आपण 'एक्सक्यूज मी' म्हणत उभे असतो. हे चिकटून जाणं अनोळखी घोड्याला करू नका, घोडेवाला सोबत असेल तरच. तुम्ही आपले लांबून जा. पोटाखालून वाकून तर कोणीच जाऊ नये, मानेखालूनही नाही. त्याच्या पायाशी काही पडलं तर मांडी घालून किंवा गुडघे टेकून उचलायला बसू नका, वाका आणि उठा.

खायला घालणं. माथेरानला गेलं की हातात चिक्की असते आणि चिक्की दिसली की पोरांना घोड्याला भरवायची असते. नको. घोड्याला उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी आहे, जे आत गेलं ते पुढेच जाणार, त्यामुळे भलतंसलतं खाऊन पोटशूळ उठला तर घोडा त्यात दगावू शकतो. वेफर्स, पाव, वडा, चॉकलेट काही नाही. मालकाला विचारून गाजराचा लांब तुकडा किंवा गुळाचा छोटा खडा चालतो, तोही तळहात सपाट पसरून, अंगठा बोटांना चिकटवून. चिमटीत धरून दिलंत तर त्याला गाजर कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं ते दिसत नाही, वर सांगितलं तसं नाकाखालचं त्याला दिसतच नाही, तो ओठाने आणि ओठावरच्या मिशांनी चाचपत असतो. आणि चार घोडे एकत्र उभे असताना एकालाच देऊ नका. भांडण त्यांचं होईल आणि मधे तुम्ही.

आता बसायचं असेल तर.

पायात बूट हवा, थोडी टाच असलेला. चप्पल, फ्लोटर्स, क्रॉक्स यांनी पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर पाय अडकून घोडा तुम्हाला फरफटत नेतो, घोड्यावरून पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. पायाचा फक्त पुढचा चवडा रिकिबीत ठेवायचा, टाच खाली दाबलेली. हेल्मेट मागा. नाही म्हणाले तर दुसऱ्या घोडेवाल्याकडे विचारा, तिथेही नसेल तर लहान पोरांना बसवू नका, मी तरी बसवणार नाही, लाल मातीचा रस्ता दिसायला मऊ असला तरी त्यात दगड आणि मुळं भरलेली असतात.

चढायच्या आधी तंग बघा, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. दोन-तीन बोटं कशीबशी आत जायला हवीत, अख्खा हात गेला तर खोगीर फिरणार. गंमत म्हणजे काही घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात आणि नंतर सोडतात, म्हणून थोडं चालवल्यावर परत एकदा आवळून घ्यायला सांगा, चांगला घोडेवाला न सांगता करतो. रिकिबीची लांबी अंदाजे मापायची सोपी पद्धत आहे, उभं राहून बोटांची टोकं खोगिरावर रिकिबीचा पट्टा सुरू होतो तिथे टेकवा आणि रिकीब काखेपर्यंत येते का बघा.

सॅक, लटकणारा कॅमेरा, उघडी छत्री, कमरेला बांधलेलं जॅकेट, हे सगळं खाली कोणाला तरी द्या. पावसाळ्यात ते स्वस्तातले प्लॅस्टिकचे रेनकोट मिळतात ना, वाऱ्याने फडफडणारे, ते घोड्यावर बसून काढायचे किंवा घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. डोक्याच्या मागे एकदम काहीतरी फडफडतंय आणि ते पाठीवरच बसलंय, याच्याहून भयंकर घोड्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं. तिथली माकडं हा आणखी एक प्रकार. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन घोड्यावर बसलात तर माकड झाडावरून पिशवीसाठी उडी मारणार, तुम्ही किंचाळणार आणि घोडा निघणार.

लगाम हाताला गुंडाळू नका, घोडा धरून चालवत असाल तर दोरही नाही. घडी करून मुठीत धरायचा, झटका बसला तर सुटला पाहिजे. दोर हाताला गुंडाळलेला असला की बोटं जातात, अक्षरशः. लगाम म्हणजे हँडल नाही, त्याचं दुसरं टोक त्याच्या तोंडात लोखंडाला जोडलेलं आहे, तोल गेला की लोक लगामाला लोंबकळतात, मग त्याला दुखतं आणि तो मान वर फेकतो. तोल जातोय वाटलं तर आयाळ धरा, खोगिराचा पुढचा भाग धरा, त्यात काही लाज नाही. चढावर अंग थोडं पुढे, उतारावर सरळ बसून वजन टाचेत. आणि किंचाळायचं नाही, पाय पोटाला आवळायचे नाहीत. घाबरला की माणूस नेमकं हेच करतो, आणि पाय आवळले की घोड्याला तो 'पळ' असा हुकूम वाटतो.

पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवा. ग्रुप फोटोसाठी घोडे एकमेकांना चिकटवू नका, पुढच्याने मागच्या घोड्याला मारलेली लाथ तुमच्या नडगीवर बसते. परदेशात लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल रिबीन बांधायची पद्धत आहे, आपल्याकडे ती फारशी नाही, त्यामुळे सरळ घोडेवाल्याला विचारा, हा दुसऱ्या घोड्यांशी कसा आहे. खरं ते सांगतात बहुतेक. आणि त्याला सांगा की घोडा चालवतच ने, पळवू नको. 'साहेब जरा पळवू का' हा प्रश्न येतोच, पहिल्यांदा बसला असाल तर उत्तर नाही.

लहान मुलाला खोगिराला ओढणीने वगैरे बांधणारे आई-बाप मी बघितलेत. हात जोडून विनंती, बांधू नका. घोडा बसला, घसरला, पडला तर पोराला सुटताच येणार नाही. घोडेवाल्याने लगाम धरून घोड्याच्या बाजूने चालायचं आणि मोठ्या माणसाने दुसऱ्या बाजूने मुलाच्या पायाशी, एवढं पुरे.

तरीही उधळला तर काय? उडी मारू नका. मागे रेलून खोल बसा, टाचा खाली, लगाम ओढा-सोडा, ओढा-सोडा. सलग ओढून धरलात तर तो त्यालाच टेकून आणखी पळतो. मोकळं मैदान असेल, बीच असेल, तर एका बाजूचा लगाम हळूहळू आखडता घेत मोठ्या गोलात वळवा, गोल लहान होत गेला की वेग पडतो. माथेरानसारख्या दरीच्या कडेच्या वाटेवर हे वळवणं करायचं नाही, तिथे सरळच ठेवायचा, बहुतेक घोडे पुढच्या घोड्यांपाशी नाहीतर आपल्या तळावर जाऊन थांबतात. पडलात तर लगाम सोडा, पाय मोकळे करा, अंग गोळा करून त्याच्यापासून लांब लोळा.

आणि तुम्ही चालत असताना समोरून मोकळा घोडा दौडत आला तर हात पसरून अडवायला हिरो होऊ नका. मुलांना पकडा आणि डोंगराच्या बाजूला व्हा, दरीच्या बाजूला नाही, झाडाचा आडोसा मिळाला तर उत्तम. तो गेल्यावरही लगेच रस्त्यात येऊ नका, एक आला की मागून दुसरा येतो, घोडे एकमेकांचं बघून पळतात.

वरातीचं थोडक्यात, कारण ते वाचून कोणी ऐकणार नाही हे मला माहितीये. घोडीच्या मागे नाचू नका, बाजूला नाचा. फटाक्यांची माळ लावायची असेल तर घोडी मांडवात पोचून नवरदेव खाली उतरल्यावर लावा. डीजेचा स्पीकर तिच्या कानाशी नको. नवरदेवाच्या पुढ्यात भाचा बसवायची हौस असते, त्याला फोटोपुरतं बसवा आणि उतरवा, चालत्या वरातीत नको. मुंडावळ्यांमुळे नवरदेवाला धड दिसत नाही, तलवार हातात, लगाम दुसऱ्याकडे, म्हणजे वरच्या माणसाचा कंट्रोल शून्य. घोडीवाला म्हणाला 'आता हिला थोडं थांबू द्या' तर त्याचं ऐका, तो नाटक करत नसतो.

वारीतल्या रिंगणाला जाणारेही हे वाचत असतील. माऊलींचा अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, ती श्रद्धा आहे, त्यावर मी काय बोलणार. फक्त दोन अश्व असतात, एक स्वाराचा आणि एक माऊलींचा, आणि फेऱ्याही एकापेक्षा जास्त होऊ शकतात, त्यामुळे पहिला गेला म्हणून आत घुसू नका. दोरीच्या मागेच थांबा आणि लहान मुलाला खांद्यावर घेऊन पुढे वाकवू नका.

लागलं तर मात्र अंगावर काढू नका. लाथ पोटात किंवा छातीत बसली असेल तर वरून काही दिसत नाही तरी आत लागलेलं असू शकतं, दवाखाना गाठा. डोक्यावर पडलात आणि नंतर मळमळ, झोप झोप, गोंधळल्यासारखं झालं तर 'थोडं पडतो, बरं वाटेल' नाही, लगेच डॉक्टर, सोबत कोणीतरी हवं, आणि मान दुखत असेल तर हलवूच नका, 108 ला फोन. चावला आणि कातडी फाटली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. रेबीज घोड्यालाही होतो, क्वचित, पण होतो, त्यामुळे ती लस लागेल की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या. घोडा कोणाचा होता, त्याचा परवाना नंबर काय, ते घोडेवाल्याकडून तिथल्या तिथे लिहून घ्या, घोडा पुढचे काही दिवस ठीक आहे का हे नंतर विचारावं लागतं. आणि टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तसंच सांगा डॉक्टरला, अंदाजे वर्ष ठोकून देऊ नका.